ऐपत नसेल तर कशाला?

‘ज्याची ऐपत नाही त्यानं टेस्ट ट्यूब बेबीच्या नादाला लागू नये. मूल झालं नाही म्हणून कुणी मरत नाही.’ हे मत मी रेणापूरच्या पिंपळफाट्यावर ऐकलं आहे, लातूरच्या डॉक्टर मंडळींत ऐकलं आहे आणि पुण्यात स्थायिक झालेल्या आमच्याच पाहुण्यांकडूनही ऐकलं आहे. बोलणारी माणसं वाईट नसतात. कर्जापायी मोडलेली घरं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असतात, म्हणून ती पोटतिडकीनं बोलतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मूल होण्यासाठीचे महागडे उपचार ही हौस आहे. हौसेसाठी गरिबानं जमीन विकू नये, सरकारनं तिजोरी उघडू नये. मूल हवंच असेल तर दत्तक घ्यावं. देशात माणसं काही कमी नाहीत. आणि जिथं सरकारी दवाखान्यात साधी औषधं मिळताना मारामार, तिथं आयव्हीएफ कसलं मागता?

मला हे म्हणणं मुळातून चूक वाटतं. या उपचारांपायी कुटुंब कर्जात जातं ते त्याच्या हौसेमुळे नाही. जे काम सरकारी रुग्णालयानं आणि विम्यानं करायचं, त्यातून दोघांनीही नियमात लिहून अंग काढून घेतलं आहे. उरलेला सगळा भार दोन-तीन एकरांच्या घरावर येऊन पडतो, आणि वर त्याच घराला ‘ऐपत नव्हती तर कशाला?’ असं विचारलं जातं.

आधी पैशाचा हिशेब. आयव्हीएफच्या एका फेरीला, म्हणजे इंजेक्शनं देऊन बीजं वाढवणं, ती काढणं, प्रयोगशाळेत गर्भ तयार करणं आणि तो पिशवीत सोडणं, या सगळ्याला आज खाजगीत दीड ते अडीच लाख लागतात. मधला आकडा धरू, दोन लाख. आमच्याकडे खरिपाचं पीक सोयाबीन. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे दोन लाखांना साडेसदतीस क्विंटल सोयाबीन घालावं लागतं. एका बॅगेला, म्हणजे साधारण एका एकराला, सात क्विंटलचा उतारा पडला, जो चांगल्या पावसाच्या वर्षीच पडतो, तर पाच एकरांवरच्या रानातलं सगळं पीक एका फेरीत गेलं. यात बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी काहीच वजा केलेलं नाही. शिवाय लातूरच्या आडतीत हमीभावाच्या खाली पट्टी घेऊन घरी आलेला शेतकरी आम्ही दरसाल पाहतो. ज्याच्याकडे अडीच एकर आहे त्याची दोन वर्षांची पिकं एका प्रयत्नात संपतात, आणि पहिल्याच प्रयत्नात यश येईल अशी हमी जगातला कुठलाही प्रामाणिक डॉक्टर देत नाही.

हा हिशेब ऐकला की समोरचे म्हणतात, ‘बघा, आम्ही हेच तर सांगतोय, परवडत नाही.’ पण डायलिसिसही परवडत नाही, हृदयाची झडपही परवडत नाही. ते परवडत नाही म्हणूनच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आली. २०१२ साली राज्यातल्या काही जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी या नावानं ती सुरू झाली तेव्हा तिच्या मुळाशी हाच विचार होता, की मोठ्या आजाराचा खर्च घराच्या ऐपतीवर सोडायचा नाही. जे परवडत नाही त्यासाठीच तर सार्वजनिक पैसा असतो. म्हणून प्रश्न परवडण्याचा उरत नाही. हा आजार आहे की नाही, एवढाच उरतो.

आणि तो आजार आहे. जागतिक आरोग्य संघटना वंध्यत्वाला प्रजननसंस्थेचा आजार म्हणते. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही तर तपासणी करावी, असा वैद्यकातला सर्वमान्य संकेत आहे. २०२३ साली याच संघटनेनं सांगितलं की जगातल्या साधारण सहांपैकी एका माणसाला आयुष्यात कधीतरी याला सामोरं जावं लागतं, आणि श्रीमंत देश असो की गरीब, हे प्रमाण फारसं बदलत नाही. ‘कुणी मरत नाही’ या वाक्याला काय उत्तर द्यायचं? मोतीबिंदूनंही कुणी मरत नाही. तरी सरकार खेड्यापाड्यांतून म्हाताऱ्या माणसांना गाडीत घालून नेतं आणि फुकट ऑपरेशन करून परत आणून सोडतं, आणि ते योग्यच करतं. जीव घेत नाही तो आजारच नव्हे, असा नियम आपण इतर कुठल्याही अवयवाला लावत नाही. गर्भाशय, बीजकोश आणि पुरुषाचं वीर्य यांच्यापाशी आलो की मात्र तो अचानक आठवतो.

नियमांत हे अगदी स्पष्ट लिहिलेलं आहे. आयुष्मान भारत योजनेतून मूल होण्यासाठीचे उपचार वगळलेले आहेत. फुले योजनेतही आयव्हीएफ बसत नाही. खाजगी आरोग्य विमा घेतलेल्यांनी आपली पॉलिसी काढून वगळलेल्या गोष्टींची यादी वाचावी. विमा नियामकानं ठरवून दिलेल्या प्रमाणित वगळणुकींत सतराव्या क्रमांकावर वंध्यत्व आहे. आययूआय, आयव्हीएफ, इक्सी अशी मूल होण्यासाठीची सगळीच तंत्रं त्यात येतात. सरकारनं २०२१ साली सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा केला, जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५, केंद्राची नोंदणी, बीजदान करणाऱ्या बाईचा विमा, समुपदेशन, या साऱ्याची तरतूद त्यात आहे, आणि ती हवीच होती. उपचारांचा खर्च किती आणि धोके कोणते हे जोडप्याला आधी सांगण्याचं बंधनही केंद्रांवर आहे. पण तो खर्च कुणी द्यायचा, त्याला वरची मर्यादा काय, याबद्दल कायद्यात अवाक्षर नाही. गरिबाला या कायद्यानं एवढंच मिळालं, की आपल्याला न झेपणारा आकडा त्याला रीतसर सांगितला जाईल.

आता ‘हे सरकारचं काम नाही’ असं म्हणणाऱ्यांना एक आठवण करून द्यायची आहे. भारतातल्या ज्या टेस्ट ट्यूब बाळाची शास्त्रीय नोंद सर्वांत आधी मान्य झाली, ती हर्षा चावडा, ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मली ती परळच्या केईएम रुग्णालयात. केईएम म्हणजे मुंबई महानगरपालिकेचं रुग्णालय, जिथं कोकणातला, खानदेशातला, आमच्या मराठवाड्यातला गरीब माणूस आजही केसपेपर काढून रांगेत बसतो. डॉ. इंदिरा हिंदुजा तिथल्या, आणि त्यांच्यासोबत काम करणारे डॉ. टी. सी. आनंद कुमार परळच्याच सरकारी प्रजनन संशोधन संस्थेचे. त्याआधी १९७८ साली इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली तीही ओल्डहॅमच्या सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालयात. त्याच वर्षी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी दुर्गा नावाच्या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म घडवून आणला. सरकारी चौकशी समितीनं त्यांना खोटं ठरवलं, त्यांची बदली झाली आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे आनंद कुमारांनी त्यांच्या वह्या स्वतः तपासल्या आणि पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांचा, असं जाहीरपणे सांगितलं. हे औदार्य विसरण्यासारखं नाही.

या इतिहासातून मला एवढंच दाखवायचं आहे, की ही विद्या आपल्या राज्यात आली ती सार्वजनिक पैशातून, पालिकेच्या रुग्णालयातून आणि सरकारी पगारावरच्या माणसांच्या हातून. तेव्हा ती सर्वांत अवघड होती, सर्वांत नवी होती. आज ती गल्लोगल्ली झाली, लातूरसारख्या शहरात केंद्रांच्या पाट्या लागल्या, आणि आता आपल्याला सांगितलं जातं की हे सरकारला झेपण्यासारखं नाही.

माणसं काही कमी नाहीत, या मुद्द्यावर फार थांबायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ निघाला. लोकसंख्या आहे तेवढी राहायला साधारण २.१ लागतो. आपण त्याच्या बरेच खाली आलो आहोत. त्यातही ज्या घरात एकही लेकरू नाही, त्या घरावर देशाच्या लोकसंख्येचा बोजा कसा येतो, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

उलट लोकसंख्येच्या नावाखाली सरकार १९५२ पासून आपल्या बायकांच्या गर्भाशयाच्या व्यवहारात आहेच. नसबंदीचं ऑपरेशन फुकट, वर पैसे, आशाताई सोबत. मूल होऊ नये म्हणून सरकार खर्च करतं तेव्हा तो खाजगी मामला नसतो. ते व्हावं म्हणून कुणी हात पसरला की तो खाजगी होतो. २००४ च्या त्सुनामीत ज्या आयांची लेकरं वाहून गेली आणि ज्यांचं ऑपरेशन आधीच झालं होतं, त्यांच्या नळ्या पुन्हा जोडून देण्याचा खर्च तमिळनाडू सरकारनं उचलला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची पहाट पाहिलेल्या आमच्या लातूर जिल्ह्याला त्या आयांचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. मूल हवं असणं ही हौस नाही हे सरकारला त्या वेळी कळलं होतं. ते कळायला दरवेळी लाट यायला हवी का?

दत्तकाचा सल्ला देणाऱ्यांनी तो स्वतःच्या लेकी-सुनांना दिला आहे का, हे मी विचारणार नाही. दत्तक ही फार मोलाची गोष्ट आहे आणि ज्यांना ती मनापासून हवी त्यांचा मार्ग सोपा व्हायलाच हवा. पण वस्तुस्थिती अशी, की देशात दत्तकासाठी नोंदणी करून बसलेले पालक तीस हजारांच्या वर आहेत आणि वर्षाकाठी कायदेशीर दत्तकं होतात चार हजारांच्या आसपास. लहान, निरोगी बाळासाठी तीन-तीन वर्षं थांबावं लागतं. ऑनलाइन नोंदणी, गृहभेट, उत्पन्नाचे कागद हे सगळं आलंच, आणि पतिपत्नीच्या वयाच्या बेरजेलाही मर्यादा आहे. म्हणजे ज्या रस्त्यावर आधीच रांग लागली आहे तिकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. शिवाय अनाथ बालकाला आईबाप मिळावेत ही जबाबदारी साऱ्या समाजाची आहे. ती फक्त ज्यांच्या नळ्या बंद आहेत त्यांनीच का उचलायची?

आता त्या मुद्द्याकडे येते ज्यात खरंच वजन आहे. सार्वजनिक आरोग्याचा पैसा मुळात तुटपुंजा आहे. बाळंतपणात बाई दगावू नये, लेकरू कुपोषित राहू नये, क्षयाची गोळी चुकू नये, हे आधी. मग आयव्हीएफ. हे म्हणणारे डॉक्टर मला आदरणीय आहेत, कारण त्यातले काही जण खरोखरच रात्री-अपरात्री या बायकांसाठी धावतात. पण त्यांनीच जरा पाहावं, की आपल्याकडच्या बायकांच्या नळ्या बंद होतात कशानं. जननेंद्रियांचा क्षय हे आपल्या देशात त्याचं एक मोठं कारण आहे. तो ना खोकल्यात दिसतो, ना थुंकीत सापडतो. गुपचूप नळ्यांत आणि पिशवीच्या अस्तरात बसतो, आणि लग्नाला पाच वर्षं झाल्यावर बाई मूल होत नाही म्हणून येते तेव्हा कळतो. अस्वच्छ बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग, चोरून केलेल्या गर्भपातानंतरचा संसर्ग, वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं पांढरं पाणी, ही पुढची कारणं. ही सगळी सरकारी आरोग्यसेवेच्या अपयशाचीच नावं आहेत. जिथं आपण वेळेवर पोचलो नाही तिथं नळी बंद झाली, आणि आता तीच सेवा तिला म्हणते, ‘तुझा प्रश्न आमच्या यादीत नाही.’ क्षय आणि वंध्यत्व या दोन वेगळ्या रांगा नाहीत. एकाच बाईचा एकच केसपेपर आहे.

दुसरं असं, की या उपचारात खर्चिक भाग शेवटी येतो. आधीचा मोठा भाग स्वस्त आहे, आणि कुटुंबाचा पैसा वाया जातो तो नेमका तिथं, कारण तो स्वस्त भाग कुणी क्रमानं करत नाही.

तालुक्यातल्या एका बाईची फाईल मला पाहायला मिळाली. नाव, गाव सांगणार नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून तिनं सगळे कागद जपून ठेवले होते. पहिल्या वर्षीच्या सोनोग्राफ्या, मग हार्मोनच्या तपासण्या, मग ‘पिशवी साफ केली’ म्हणून एक बिल, मग दुर्बिणीची तपासणी. नळ्यांत औषध सोडून काढलेला एक्स-रे दोनदा, दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे, कारण दुसऱ्यानं पहिल्याचा मानला नाही. फॉलिक्युलर स्टडीच्या चिठ्ठ्या तर कितीतरी. डॉक्टर बदलला की तपासण्या पहिल्यापासून. नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा पहिला कागद होता चौथ्या वर्षीचा. त्यात शुक्रजंतूंची संख्या फारच कमी. ही तपासणी काही शेकड्यांत होते. एक सूक्ष्मदर्शक, एक शिकलेला तंत्रज्ञ आणि तासाभराचा वेळ, बस. ती पहिल्या आठवड्यात झाली असती तर त्या बाईच्या अंगावरचे निम्मे सोपस्कार टळले असते आणि बचत गटाचं पहिलं कर्जही. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणासोबत असतं. हे वैद्यकाच्या पहिल्या धड्यातलं आहे. तरी त्या फाईलमध्ये चार वर्षं फक्त बाई आहे.

पुढे ती आयव्हीएफपर्यंत गेली. मंगळसूत्र आणि पाटल्या गहाण टाकल्या, काही पैसे भावाकडून आले, राहिलेले उसाच्या बिलावर. पॅकेज म्हणून सांगितलेल्या आकड्यात इंजेक्शनं नव्हती, भुलीचे पैसे नव्हते, गर्भ गोठवून ठेवण्याचं वर्षाचं भाडं नव्हतं. इंजेक्शनं थंड ठेवावी लागतात. लातूरहून येताना थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी, त्यात ती, आणि डबा मांडीवर घेऊन एसटीत. गावात लाईट गेली की शेजारच्या किराणा दुकानातल्या कोल्ड्रिंकच्या फ्रीजमध्ये ठेवायची, कारण तो जास्त वेळ गार राहतो. शेवटचं इंजेक्शन घड्याळ लावून घ्यायचं असतं, कारण त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी बीजं काढायची. तिला वेळ दिली होती रात्री साडेदहाची. रात्री साडेदहाला खेड्यात सुई टोचणारं कोण मिळतं? नवऱ्यानं मोटरसायकलवर बसवून तिला रेणापूरला आणलं, एका ओळखीच्या सिस्टरच्या घरी. हे सगळं मी लिहिते आहे कारण ‘हौस’ हा शब्द वापरणाऱ्यांनी तो डबा मांडीवर घेऊन एकदा बसमध्ये बसावं, असं मला मनापासून वाटतं.

त्या घरात तिची सासू एकदा म्हणाली होती, ‘एवढ्या पैशात दुसरी आणली असती.’

या वाक्यामुळेच मला त्या मैत्रिणींशीही वाद घालावा लागतो ज्यांच्यासोबत मी एरवी एका बाजूला असते. त्यांचा आक्षेप असा: हे उपचार सरकारनं फुकट दिले तर बाईवरचा दबाव वाढेल. आज निदान ‘पैसे नाहीत’ म्हणून ती सुटते. उद्या घरचे म्हणतील, फुकट आहे, चल. तिच्या शरीरावर फेऱ्यामागून फेऱ्या होतील, कारण तिला ‘वांझ’ म्हणणारा समाज तसाच आहे. हा आक्षेप मी हलकेपणानं घेत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, हे २०१९ साली उघड झालं तेव्हा आपण सगळेच हादरलो होतो. बाईच्या गर्भाशयावर दुसऱ्यांनीच निर्णय घ्यायचे, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

पण उपचार नसले म्हणजे दबाव नसतो, हे खरं नाही. उपचार नव्हते तेव्हा सवत होती. माहेरी आणून सोडणं होतं, नवस होते, बुवा होते, ओटी भरायच्या वेळी मागे सरकवणं होतं. दुसऱ्या बायकोला आयव्हीएफपेक्षा कमी खर्च येतो, हा त्या सासूचा हिशेब होता आणि तो आकड्यांत चुकीचा नव्हता. उपचार महाग ठेवून आपण बाईला वाचवत नाही, तिच्या जागी दुसरी आणण्याचा पर्याय स्वस्त ठेवतो. याउलट सरकारी दवाखान्यात पहिल्याच भेटीत दोघांच्या तपासण्या सक्तीच्या झाल्या, तर ज्या घरात चार वर्षं सुनेकडे बोट दाखवलं जातं त्या घरात पहिल्या महिन्यात लेकाचा रिपोर्ट येईल. वांझपणाचा डाग पुसण्यासाठी दिलेली शंभर व्याख्यानं मी ऐकली आहेत. तो एक कागद त्या सगळ्यांपेक्षा जास्त काम करतो.

मैत्रिणींचं जे बरोबर आहे ते योजनेच्या अटींतच लिहिलं पाहिजे. बाईला एकटीला बसवून विचारायचं, सासू नाही, नवरा नाही, की तुला हे हवं आहे का. तिनं ‘नको’ म्हटलं तर कारण न नोंदवता थांबायचं. फेऱ्यांना मर्यादा घालायची. खाजगी बाजारात हे होत नाही, कारण तिथं थांबण्यात कुणाचाच फायदा नसतो. चांगल्या केंद्रातही पस्तिशीच्या आतल्या बाईला एका फेरीत मूल होण्याची शक्यता साधारण तीनात एक असते, आणि चाळिशीपुढे ती झपाट्यानं खाली येते. हे सरळ सांगून ‘आता पुरे’ म्हणणारे डॉक्टर खाजगीतही आहेत, मी त्यांना ओळखते. पण ‘शंभर टक्के खात्री’ आणि ‘सोप्या हप्त्यांवर’ अशा पाट्यांच्या गर्दीत त्यांचा आवाज पोचत नाही. ज्याला हप्ते वसूल करायचे आहेत तो रुग्णाला घरी जा म्हणत नाही. ते म्हणू शकते ती पगारी सरकारी व्यवस्था.

ब्रिटनमध्ये चाळिशीच्या आतल्या बाईला सरकारी खर्चानं तीन पूर्ण फेऱ्या द्याव्यात अशी तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेची शिफारस आहे. तिथंही काही भागांत पैशाअभावी एकच दिली जाते, आणि त्यावर तिथले लोक भांडतात. पण भांडण किती द्यायच्या याचं आहे. द्यायच्या की नाहीत, याचं नाही. एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या शेजारच्या गोव्यानं २०२३ साली बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार मोफत सुरू केले. सिक्कीमसारख्या डोंगराळ छोट्या राज्यानं यासाठी तीन लाखांपर्यंत मदत देणारी वात्सल्य योजना आणली. गोवा लहान आहे, तिथं रुग्ण कमी, हे मला ठाऊक आहे. पण केईएमचा वारसा सांगणाऱ्या राज्यानं गोव्याच्या मागे राहावं यासाठी आकार हे कारण पुरत नाही.

रेणापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. आठवड्यातला एक दिवस तिथं मूल न होणाऱ्या जोडप्यांसाठी ठेवावा. नवरा सोबत असल्याशिवाय पहिला केसपेपर निघू नये. वीर्यतपासणी, थायरॉइड, सोनोग्राफी आणि क्षयाची शंका आली तर त्याच्या तपासण्या, एवढं तिथं किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी नमुना पाठवून व्हावं. सगळ्याची एकच फाईल असावी, जी पुढच्या डॉक्टरला मानावी लागेल. अनेक जोडप्यांचा प्रश्न इथंच सुटतो, थायरॉइडच्या गोळीनं, वजन आटोक्यात आणून, बीज फुटायच्या साध्या औषधानं. ज्यांचा सुटणार नाही त्यांना लातूरच्या विलासराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावं. तिथं आययूआय आणि आयव्हीएफची पूर्ण क्षमतेची प्रयोगशाळा, पगारी भ्रूणतज्ज्ञासह, असायला हवी. अंबाजोगाई आणि नांदेडच्या सरकारी महाविद्यालयांतून रुग्ण तिथं यावेत. आणि फुले योजनेच्या उपचारांच्या यादीत आयव्हीएफचा समावेश व्हावा. बाईच्या वयाची अट घाला, फेऱ्यांची घाला, दर सरकारनं ठरवावा, इंजेक्शनं त्या दरातच धरावीत.

यातल्या पहिल्या, ग्रामीण रुग्णालयातल्या टप्प्याला नवा कायदा लागत नाही, विधानसभेत ठराव लागत नाही, नवी इमारतही लागत नाही. सोनोग्राफीचं मशीन आणि सूक्ष्मदर्शक या गोष्टी सरकारी आरोग्यसेवेला नव्या नाहीत. वैद्यकीय अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक आणि रुग्ण कल्याण समिती यांनी बसून वार ठरवायचा आहे. तो सोमवार नको, कारण सोमवारी बाह्यरुग्ण विभागात आठवड्याची सगळ्यांत मोठी गर्दी असते. शुक्रवार चालेल.